टॅपेट कधी वाजतो, ते आधी ऐका

विहिरीवर पंप असलेल्या कोकणातल्या घराला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी मागे उतरू न देणारी झडप, काय असतो ते सांगावं लागत नाही. त्यात पानाचा तुकडा अडकला की रात्रीत पाइपातलं पाणी उतरतं आणि सकाळी पंप नुसता हवा ओढत फिरतो. गाडीच्या इंजिनातले व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा हायड्रॉलिक टॅपेट बहुतेक वेळा असाच बिघडतो.

इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. साध्या टॅपेटमध्ये त्यासाठी थोडी फट ठेवावी लागते. हायड्रॉलिक टॅपेट ही फट तेलानेच भरून काढतो. आत एक दट्ट्या, त्याखाली स्प्रिंग आणि एक बारकी गोळी. गोळी तेल आत घेते, मागे सोडत नाही. दट्ट्याच्या कडेने मात्र काही मायक्रॉनच्या फटीतून थोडं तेल मुद्दाम झिरपू दिलेलं असतं, नाहीतर तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटणार नाही. तेल दाबून आकसत नाही, म्हणून टॅपेट टणक राहतो. त्यात हवा शिरली की तो दबतो आणि टकटक सुरू होते.

गेल्या श्रावणात देवगडात शेजारच्या काकांची डिझेल गाडी वाजायला लागली. गॅरेजवाल्याने सांगितलं, "टॅपेट गेले, सगळे बदलूक व्हये." काका हबकले. मी विचारलं, कधी वाजतं?

हा प्रश्न फार मोलाचा आहे. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी चार-पाच सेकंद टकटक केली तर काळजी नको, झिरपलेलं तेल पुन्हा भरतंय. गरम इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता नुसतं चालू असताना वाजतं आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर गप्प होतं, तर तेलाचा दाबच कमी आहे. तेलाचा पंप किंवा बेअरिंगं झिजली असतील. तेलाचा लाल दिवा बऱ्याच गाड्यांत दाब ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो, म्हणून त्याच्या भरवशावर न राहता गेज लावून दाब मोजून घ्यावा. फक्त वेग वाढवल्यावर आवाज येत असेल तर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी बघा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर इंजिनाचा फिरता दांडा, क्रँक, ते घुसळून फेस करतो. सगळे टॅपेट वाजत असतील तर तेलाच्या वाटेवर शोधा. एकच वाजत असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावा, फिरत्या बेल्टपासून लांब राहून. दोषी टॅपेटपाशी ठोका स्पष्ट येतो.

काकांची गाडी जवळच्या जामसंड्याला पोचली तरी वाजायची थांबत नव्हती. तेलाचं झाकण उघडलं, तर आत दुधाच्या चहासारखा चिकट थर! इंजिन थंड ठेवणारं कूलंट पुरेपूर होतं, म्हणजे पाणी तिथून आलेलं नव्हतं. पावसाळी दमट हवा आणि रोजची घर ते जामसंडे एवढीच फेरी. इंजिन धड तापतच नव्हतं, मग आतली वाफ उडून जाणार कशी? असा गाळ गोळीखाली बसला की ती नीट मिटत नाही.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं तेल घातलं, फिल्टर बदलला आणि काकांना कणकवलीची एक फेरी मारायला लावली. परतताना नांदगावच्या पुढे आवाज बंद झाला. टॅपेट अजून जुनेच आहेत.