अठरा वर्षं की चौदा? आयलीन चांगची एकच प्रेमकथा, दोनदा लिहिलेली

चिनी लेखिका आयलीन चांगची शांघायमधली ती संथ, उदास कादंबरी वाचायची म्हटलं की पहिला घोळ नावाचा. कुणी ‘एटीन स्प्रिंग्ज’ म्हणतं, कुणी ‘हाफ अ लाइफलाँग रोमान्स’. दोन्ही वाचणारे तासभर छान गप्पा मारतात आणि शेवटावर आले की त्यांचं जुळेनासं होतं.

पहिली कादंबरी, म्हणजे ‘एटीन स्प्रिंग्ज’, १९५०-५१ मध्ये शांघायच्या एका दैनिकात ल्यांग जिंग या टोपणनावानं क्रमशः छापून आली. कम्युनिस्ट राजवट तेव्हा नुकतीच बसत होती. दुसरी, ‘हाफ अ लाइफलाँग रोमान्स’, तिनं पुढे अमेरिकेत राहून नव्यानं लिहिली, आणि ती १९६९ मध्ये तैवानात पुस्तकरूपानं निघाली. कॅरन किंग्सबरींचा २०१४ चा इंग्रजी अनुवाद आहे तो या दुसरीचा.

मधली गोष्ट जवळपास तीच. शिजुन आणि मान्जेन एकाच कारखान्यात नोकरीला. प्रेम इतकं सावकाश जमतं की घाईत असलेल्यानं या वाटेला जाऊच नये. तिचा हरवलेला लाल हातमोजा आणायला तो अंधारात परत जातो. बोटात सैल होणाऱ्या अंगठीला लोकर गुंडाळली जाते. या बारीकसारीक गोष्टींवरून भरभर पुढे गेलात, तर पुढचा घाव नुसता कथानकातला धक्का वाटेल. थोरली बहीण मान्लू, जिनं डान्स हॉलमध्ये नाचून सगळं घर पोसलं, ती आपला संसार टिकवायला धाकटीलाच नवऱ्याच्या हवाली करते. बलात्कारानंतर मान्जेनला कोंडून ठेवतात, आणि शिजुनची समजूत होते की तिनं दुसऱ्याशी लग्न केलं.

पहिलीत हा काळ अठरा वर्षांचा आहे. म्हणजे गोष्ट १९४९ ची कम्युनिस्ट क्रांती ओलांडते, आणि मंडळी नवा देश उभारायला ईशान्येकडे शेन्यांगला जातात. मान्जेनसाठी दुसऱ्या जोडीदाराची आशाही दिसते. दुसरीत वर्षं चौदाच. क्रांतीपर्यंत गोष्ट पोचतच नाही. दोघं पुन्हा भेटतात, एका खानावळीत बसून बोलतात, आणि मागे जाता येणार नाही हे दोघांनाही कळतं. पुढे करण्यासारखं काही उरत नाही.

मला दुसरीच खरी वाटते. पहिलीत एवढ्या दुःखाला शेवटी काम लावून दिल्यासारखं होतं. पण दुसरी म्हणजे निव्वळ कलेचा विजय, असंही समजू नये. तेव्हाच्या कम्युनिस्टविरोधी तैवानात क्रांतीचं कौतुक छापून येणं शक्यच नव्हतं. ती कात्री चालली ती कादंबरीच्या पथ्यावर पडली, एवढंच.

आता सिनेमा. अ‍ॅन हुईच्या १९९७ च्या चित्रपटाचं चिनी नाव दुसऱ्या कादंबरीचं आणि इंग्रजी नाव मात्र ‘एटीन स्प्रिंग्ज’. तो पाहून पहिलीचा शेवट कळला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यात शेन्यांगला कुणीच जात नाही.