गळती नव्हे, ये-जा

ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यातली माझी मैत्रीण ठाण्याला चढते, ऐरोलीला उतरते. मोबाइलवर एनपीटेलचं, म्हणजे आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्समधलं लेक्चर, रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवलेलं. प्रवास दहा-बारा मिनिटांचा, लेक्चर अर्ध्या तासाचं. दिघा गाव मागे पडलं की ती पॉज दाबते. उरलेलं संध्याकाळी परतताना. डेटाबेसचा आठ आठवड्यांचा कोर्स तिने चौथ्यातच थांबवला. "अगं, ऑफिसात क्वेरीचंच काम असतं, तेवढं आलं मला," म्हणाली. हिशेबात मात्र तिची गणना 'गळती'त.

आपल्या सवडीने शिकणं आपल्याकडे इंटरनेटच्या आधीपासून आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. पाळीवर जाणाऱ्याला किंवा घर सांभाळणारीला रोजचं कॉलेज कुठून जमणार, हे तिथे आधीच गृहीत धरलं होतं.

ज्या कोर्सवरून 'मूक' (MOOC, कितीही जणांना खुला ऑनलाइन कोर्स) हे नाव पडलं, तो २००८ चा, कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचा. शिकवणारे जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स. फी भरलेले २५ जण, बाहेरून फुकट आलेले सुमारे २,२००. काय वाचायचं, कुठल्या चर्चेत उतरायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे ही मोकळीक मागाहून दिलेली सूट नव्हती, कोर्सच तिच्यावर उभा होता.

२०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांच्या एआय कोर्सला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं, पूर्ण केला साधारण २३,००० जणांनी. तेव्हापासून किती जणांनी पूर्ण केला, याच मापाने सगळे कोर्स मोजले जाऊ लागले. मला हे माप चुकीचं वाटतं. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी शिकणाऱ्यांचे चार प्रकार दाखवले: पूर्ण करणारे, गृहपाठ न करता नुसतं ऐकणारे, मध्येच थांबणारे आणि चाखून बघणारे. सगळ्यांना एकाच 'नापास' रकान्यात कसं ढकलणार?

आपल्याकडे 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. त्यावरच्या एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात. फार शहाणा नियम! जुलैच्या सत्रात गणपती येतात, पोरांचा ताप येतो. चार आठवडे बुडाले तरी माणूस कोर्समध्ये टिकतो. परीक्षा मात्र ठरल्या दिवशी, केंद्रावर जाऊनच.

मैत्रिणीने त्याच कोर्सला पुन्हा नाव घातलंय. आता लेक्चर पाचव्या आठवड्याचं चालू आहे.