मनोरुग्ण वॉर्डातली आक्रमकता : नर्सेसचं प्रशिक्षण

मानसिक आजाराच्या वॉर्डात काम करणाऱ्या नर्सेसना पेशंटचा राग चढतोय हे वेळेत ओळखायला, तो बोलून उतरवायला आणि अगदीच वेळ आली तर कुणालाही इजा न होता पेशंटला धरायला शिकवणं, असं या प्रशिक्षणाचं स्वरूप आहे. बाहेरच्यांना यातला शेवटचा, धरण्याचा भागच तेवढा दिसतो, पण चांगल्या वॉर्डात सगळ्यात कमी वापरला जाणारा भाग तोच असतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणावर हात उगारत नाहीत, उलट मारहाण आणि छळ त्यांच्याच वाट्याला जास्त येतो, हे इथे सुरुवातीलाच सांगायला हवं. ही नोंद फक्त ॲक्युट वॉर्डात, आजार जोरात असताना घडणाऱ्या प्रसंगांबद्दल आहे.

पेशंटला बांधण्याऐवजी माणसांनी सांभाळायचं, या विचाराची सुरुवात कुठे झाली यावर एकमत नाही. लोकप्रिय कथा अशी की फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात फिलिप पिनेल या डॉक्टरने पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातल्या वेड्यांच्या बेड्या तोडल्या, साल साधारण १७९३. ही कथा चित्रांतून आणि पाठ्यपुस्तकांतून इतकी पसरली की आजही बऱ्याच नर्सिंगच्या नोट्समध्ये तशीच सापडते. कागदपत्रं तपासलेल्या इतिहासकारांचं म्हणणं वेगळं आहे आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे : बिसेत्रमधल्या बेड्या १७९७ च्या सुमाराला निघाल्या, तोवर पिनेल दुसऱ्या रुग्णालयात गेलेला होता, आणि त्या काढल्या जाँ-बाप्तिस्त प्युसँ या माणसाने. हा प्युसँ डॉक्टर नव्हता, आधी तिथलाच पेशंट होता, बरा झाल्यावर तिथेच कामाला लागला आणि देखरेख करणारा प्रमुख झाला, म्हणजे आजच्या भाषेत वॉर्डचा इन्चार्ज. सेवकांनी पेशंटला मारायचं नाही हा त्याचा नियम होता आणि माणसं निवडताना तो बरे झालेले पेशंट मुद्दाम घ्यायचा. पिनेलनेही त्याचं ऋण लिहून ठेवलंय. इटलीत फ्लोरेन्सला किआरूजी या डॉक्टरने १७८० च्या दशकाच्या शेवटी असेच नियम केले होते, त्यामुळे 'पहिला' मान फ्रान्सलाच द्यायचा का हाही प्रश्न आहेच.

इंग्लंडातही असाच वाद झाला. लिंकनच्या रुग्णालयात पट्टे, साखळ्या आणि खुर्चीला बांधणं पूर्ण बंद झालं ते १८३८ च्या आसपास. त्याचं श्रेय तिथला निवासी डॉक्टर रॉबर्ट गार्डिनर हिल याचं की त्याच्याआधी कित्येक वर्षं बांधणं कमी कमी करत आणणाऱ्या डॉक्टर चार्ल्सवर्थचं, यावरून दोन्ही बाजूंनी बरंच छापलं गेलं आणि हिलने १८५७ मध्ये त्यावर स्वतःचं पुस्तकच काढलं. १८३९ पासून हॅनवेलच्या प्रचंड मोठ्या रुग्णालयात हेच राबवणारा जॉन कॉनली मात्र जास्त प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाच्या दृष्टीने श्रेय कुणाचं यापेक्षा हिलने घातलेली अट महत्त्वाची वाटते : इमारत नीट हवी आणि योग्य सेवक पुरेशा संख्येने, दिवसरात्र लक्ष ठेवणारे हवेत, मग बांधायची गरज पडत नाही. माणूसबळाची ही अट पुढे सगळे सोयीस्करपणे विसरले.

सेवकांना पद्धतशीर शिकवणं त्यानंतरचं. स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीसच्या क्रायटन रुग्णालयात डॉक्टर ब्राउनने १८५४ मध्ये सेवकांसाठी व्याख्यानं दिली, अमेरिकेत बॉस्टनजवळच्या मॅक्लिन रुग्णालयात १८८२ ला रीतसर शाळा निघाली, आणि ब्रिटनमध्ये १८८५ ला सेवकांसाठी हस्तपुस्तिका आली. अंगावर येणाऱ्या पेशंटला धरण्याची ठरावीक तंत्रं मात्र बरीच नवी आहेत, ब्रिटनच्या तुरुंगखात्यात साधारण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बसवली गेली आणि तिथून कडक सुरक्षेच्या मनोरुग्णालयांत आली. कैद्यांसाठी बनलेली पद्धत आजारी माणसांवर वापरली गेली, आणि पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथेच असावं.

ओळखण्याच्या भागात आज सगळ्यात जास्त शिकवलं जातं ते ब्रोसेट चेकलिस्ट. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमजवळच्या ब्रोसेटच्या सुरक्षित वॉर्डातल्या जुन्या नोंदी चाळून लिनाकर आणि बुश-इव्हर्सन यांनी १९९५ मध्ये हल्ल्याच्या आधीच्या चोवीस तासांत पेशंटमध्ये काय बदल दिसतात ते शोधलं, त्यातून आल्मविक आणि वुड्स यांनी ६ खुणांची यादी बनवली : गोंधळलेपण, चिडचिड, दंगा-आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाण्याचा आव, वस्तूंची आदळआपट. प्रत्येक खूण असेल तर १, नसेल तर ०. बेरीज शून्य म्हणजे धोका कमी, १ किंवा २ म्हणजे मध्यम, आणि ३ किंवा जास्त आली की लगेच काहीतरी करायचं, डॉक्टरला कळवायचं, वॉर्डातली गर्दी हलवायची. यादी भरायला एखाद-दोन मिनिटं लागतात आणि ती दर ड्युटीत भरायची असते. शिकवताना सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, की खूण मोजायची ती त्या पेशंटच्या नेहमीच्या वागण्याच्या तुलनेत. जो माणूस रोजच मोठ्याने बोलतो त्याला दंग्याचा मार्क नाही, रोजच्यापेक्षा वाढलं तरच द्यायचा. म्हणजे पेशंट ओळखीचा हवा, आणि रोज स्टाफ बदलणाऱ्या वॉर्डात ही यादी लंगडी पडते. २००० साली छापलेल्या अभ्यासात या यादीने पुढे हिंसक झालेल्यांपैकी ६३ टक्के बरोबर पकडले आणि न झालेल्यांपैकी ९२ टक्के बरोबर वगळले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रसंग तरीही निसटतात, म्हणून शून्य आलं तरी सिस्टरची नजर हलता कामा नये. मेलबर्नमध्ये ऑगलॉफ आणि डॅफर्न यांनी २००६ मध्ये केलेली ७ खुणांची यादीही वापरात आहे, तिच्यात नकार ऐकल्यावर भडकणं आणि सूचना न जुमानणं यांनाही जागा आहे.

बोलून शांत करण्याचे नियम साधे वाटतात पण सरावाशिवाय जमत नाहीत. पेशंटपासून किमान दोन हातांचं अंतर, दरवाजा ना त्याचा अडवायचा ना स्वतःचा, हात दिसतील असे मोकळे, आणि बोलणारं माणूस एकच. चार जण एकदम 'शांत बस' म्हणायला लागले की कुणीच शांत होत नाही. वाक्यं छोटी, नाव घेऊन किंवा वयाप्रमाणे काका, ताई, दादा म्हणून, आणि 'तुम्हाला आत्ता काय हवंय' हे खरंच विचारायचं. कारण बरेचदा क्षुल्लक वाटणारं असतं, घरी फोन लावू दिला नाही, तंबाखू काढून घेतली, डिस्चार्जच्या दिवशी भाऊ न्यायला आलाच नाही, पण कुलूपबंद वॉर्डात तेवढंच त्या माणसाच्या हातात उरलेलं असतं. कॅप्लान आणि व्हीलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पाच टप्प्यांच्या चक्रात ठिणगी, चढ, स्फोट, उतार आणि नंतरची खिन्नता असा क्रम आहे, त्यातला उताराचा टप्पा फसवा, निवळलं असं वाटून कुणी लगेच जाब विचारला की पुन्हा भडका उडतो.

धरण्याच्या प्रशिक्षणात खरा वाद आहे तो पालथं पाडून दाबून धरण्याचा. १९९८ मध्ये नॉर्विचच्या एका मानसोपचार केंद्रात डेव्हिड बेनेट हा कृष्णवर्णीय पेशंट असाच सुमारे २५ मिनिटं धरलेला असताना गेला. चौकशी समितीने पालथं धरणं ३ मिनिटांच्या वर नको अशी शिफारस केली. आकडा ठरवल्याने ३ मिनिटांच्या आत सगळं सुरक्षित असा समज होतो हा आक्षेप रास्त वाटतो, पाठीवर किंवा मानेवर वजन पडलं तर त्याआधीही श्वास अडकू शकतो. ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी जमिनीवर पाडणं शक्यतो टाळा, पाडावंच लागलं तर उताणं, आणि हाताने धरणं एरवी १० मिनिटांच्या वर नको असं म्हटलंय. एका माणसाने फक्त डोकं, श्वास आणि चेहऱ्याचा रंग बघायचा, हे प्रत्येक सरावात यायलाच हवं.

भडकलेल्या पेशंटला शांत करणाऱ्या इंजेक्शनच्या बाबतीत भारताचं योगदान ठळक आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००४ मध्ये २०० पेशंटवरचा आणि २००७ मध्ये ३०० पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन हे स्वस्त, सगळीकडे मिळणारं जोड इंजेक्शन लोराझेपाम आणि ओलान्झापिनच्या तुलनेत चांगलं ठरलं. नर्सचं काम सुई टोचून संपत नाही, नंतर श्वास, नाडी, बीपी आणि मान-जबडा आखडतोय का हे बघत राहावं लागतं.

आपल्याकडे कायद्याची चौकट म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २०१८ च्या मध्यापासून. पार्श्वभूमीला २००१ ची तमिळनाडूतली एरवाडीची आग आहे, साखळीने बांधलेली पंचवीसहून जास्त माणसं तिच्यात जळून गेली. या कायद्याने साखळी आणि एकांतकोठडी दोन्ही बंद केल्या. कलम ९७ प्रमाणे बांधणं किंवा धरणं फक्त तत्काळ इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तरच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि केसपेपरवर कारण, पद्धत, वेळ लिहून, आणि पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही आणि स्टाफ कमी आहे या कारणानेही बांधायचं नाही, असं कलमात स्पष्ट आहे. ही शेवटची अट नर्सेसना सगळ्यात अवघड जाते, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या आकडेवारीत भारतात लाख लोकांमागे मानसिक आरोग्याच्या नर्सेस एकसुद्धा भरत नाहीत, सुमारे ०.८ आहेत. डॉक्टर-नर्सेसवर हल्ला करणाऱ्यांसाठीचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा मुख्यतः चिडलेल्या नातेवाइकांच्या संदर्भात वापरला जातो, आजाराच्या भरात पेशंटने मारलं तर तो पुढे करणं योग्य नाही.

प्रशिक्षणाने हल्ले कमी होतात का? २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात ९ अभ्यास तपासले गेले : स्टाफचं ज्ञान काही काळ वाढलेलं दिसलं, हल्ले कमी झाल्याचा भक्कम पुरावा नाही. याउलट स्वित्झर्लंडच्या ॲक्युट वॉर्डांत ब्रोसेट यादी रोज भरायला लावल्यावर गंभीर हल्ले ४१ टक्के आणि जबरदस्तीचे उपाय २७ टक्के कमी झाल्याचं २००८ मध्ये छापलं गेलं. लंडनच्या लेन बाउअर्स यांच्या सेफवॉर्ड्स या उपक्रमाच्या ३१ वॉर्डांच्या अभ्यासात सुमारे निम्म्या वॉर्डांत स्टाफच्या बोलण्याच्या आणि वागण्याच्या १० छोट्या सवयी बदलल्या, जसं वाईट बातमी आधी ओळखून हळुवार सांगणं, ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये पेशंटबद्दल काहीतरी चांगलंही बोलणं. बाकीच्या वॉर्डांच्या तुलनेत तिथे संघर्ष १५ टक्के आणि बळाचा वापर २६ टक्के घटला. एका नर्सला दोन दिवसांच्या कोर्सला पाठवून सर्टिफिकेट फाइलला लावण्यापेक्षा अख्ख्या वॉर्डाची रीत बदलणं फळतं, असा या आकड्यांचा कल दिसतो. त्यात वॉर्डातल्या मावशी, मामा आणि सिक्युरिटीवालेही आले, कारण रात्री सगळ्यात आधी धावून तेच जातात.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था ही मोठी सरकारी केंद्रं. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मानसोपचाराचं पोस्टिंग सक्तीचं असतं, शिवाय एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. भारतीय वॉर्डाचं एक वेगळेपण म्हणजे सोबत राहणारे नातेवाईक. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात कुटुंबांना आवारातच तंबूत राहायला लावलं, वेल्लोरलाही पुढे कुटुंबासह भरती सुरू झाली. आईला किंवा बायकोला राग चढण्याच्या खुणा शिकवणं, घरात विळी-कोयता कुठे ठेवायचा आणि भांडण चढलं की कुणी बाजूला व्हायचं हे समजावणं हे कामही मग नर्सकडेच येतं, आणि परदेशी कोर्सेसमध्ये या भागाला फारशी जागा नसते.