लोणारचे ‘वय’ म्हणजे नेमके कशाचे? खड्डा, गाळ आणि पाणी यांची पार्श्वभूमी

‘लोणार सरोवर ५२ हजार वर्षांपूर्वीचे’ हे विधान सर्रास वाचायला मिळते. अलीकडे त्याच्या जोडीला ‘पावणेसहा लाख वर्षे’ असाही आकडा येतो. दोन्ही आकडे खड्ड्याचे आहेत, सरोवराचे नव्हेत. खड्डा पडला तो एक दिवस, त्यात गाळ साचत गेला तो दुसरा हिशेब, आणि आज दिसणारे पाणी तिथे टिकून आहे ती तिसरीच गोष्ट. मराठीत तिन्हींसाठी ‘सरोवराचे वय’ एवढाच शब्दप्रयोग रुळला, आणि घोळ तिथून सुरू झाला.

जुना इतिहास थोडक्यात. लवणासुराची कथा आणि मुघलकाळातील काच-साबणाच्या क्षारांच्या नोंदी परिचित आहेत. १८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. भोवती सगळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, म्हणून पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचेच तोंड मानले गेले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो वाद जवळपास मिटवला. तळातल्या बोअरमध्ये सुमारे १०० मीटर गाळ लागला आणि त्याखाली चुरा झालेला बेसाल्ट. त्या बेसाल्टातल्या फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना मोडून काच झालेली होती. असा बदल घडवणारा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, उल्कापातातच होतो.

वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. ५२ हजार (अधिक-उणे ६ हजार) हा आकडा १९९० च्या दशकात आघातात वितळलेल्या काचेच्या तापदीप्तीवरून, म्हणजे तापवल्यावर तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून, काढला गेला. ही पद्धत खनिजात साठलेली किरणोत्साराची ऊर्जा मोजते. काच जुनी असेल तर साठा भरून जातो, पुढची वर्षे नोंदलीच जात नाहीत आणि वय खरे असते त्यापेक्षा कमी येते. ५ लाख ७० हजार (अधिक-उणे ४७ हजार) हा आकडा त्याच प्रकारच्या वितळ-खडकातील आर्गॉन समस्थानिकांवरून आला. खडकातील पोटॅशियमपासून आर्गॉन वायू हळूहळू तयार होत साठतो, त्यावरून वय काढतात. इथे धोका उलटा असतो. मूळ बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. तो वितळताना जुना आर्गॉन पूर्ण निसटला नाही, तर वय फुगते. मात्र हा अडकलेला आर्गॉन समस्थानिकांच्या आलेखावर वेगळा ओळखता येतो आणि वजा करता येतो. भरून गेलेला साठा असा नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून मोठा आकडा अधिक भक्कम वाटतो.

गाळाच्या जाडीवरून उत्तर निघेल का? १०० मीटर गाळ ५२ हजार वर्षांत साचला असेल, तर सरासरी वर्षाला जवळपास २ मिलिमीटर पडते. ५ लाख ७० हजार धरले तर ०.१८ मिलिमीटरही भरत नाही. २००८ मध्ये काढलेल्या सुमारे १० मीटरच्या गाभ्यात (नळीने उभा कापून काढलेल्या गाळाच्या नमुन्यात) अंदाजे ११ हजार वर्षे मावली आहेत, म्हणजे वर्षाला ०.९ मिलिमीटर. हा वेग दोन्हींत बसत नाही, आणि बसावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. ताज्या खड्ड्याच्या कडा ढासळतात तेव्हा भरणा झपाट्याने होतो. नंतर खालचे थर वरच्या ओझ्याने दबतात. कोरड्या काळात साचणे थांबते, उलट वारा थोडा गाळ उडवूनही नेतो. जाडीला वेगाने भागून वय काढायचे नसते, ते या कारणांनी.

त्या गाभ्याच्या तळाशी बेसाल्टचे तुकडे आणि माती आहे. तळ्याचा चिखल त्यावर सुरू होतो, सुमारे ११,४०० वर्षांपूर्वी. त्याआधी शेवटच्या हिमयुगातील क्षीण मोसमी पावसात इथे टिकाऊ पाणी नव्हते. आजच्या पाण्याचे वय सांगायचे तर हा आकडा सांगावा.

गाळ येतो कुठून? कड सभोवतालच्या पठारापेक्षा उंच आहे, त्यामुळे बाहेरचे ओहोळ आत उतरत नाहीत. ईशान्येला धारेच्या ओढ्याने कड कापली आहे. त्याच्या मुखाशी वाळू-गोट्यांचा पंखा पसरला आहे. बारीक चिकणमाती मध्यापर्यंत जाते. बाहेर पडायला वाट नसल्याने पाणी फक्त बाष्पाने कमी होते. कॅल्शियम कार्बोनेट आधी खाली बसते, सोडियम पाण्यातच राहतो आणि सामू (पीएच) १० च्या आसपास जातो. तळाशी प्राणवायू नाही, किडे चिखल उकरत नाहीत, म्हणून पातळ थर शाबूत राहतात.

पाणी फारच आटले की चिखलाच्या आतच गेलुसाइटचे स्फटिक वाढतात. हे सोडियम-कॅल्शियमचे पाणीधारी कार्बोनेट. गाभ्यात ते दोन पट्ट्यांत सापडले: सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या. दोन्ही दीर्घ अवर्षणाचे काळ. गाभा उघडा वाळू दिला तर गेलुसाइटमधले पाणी उडते आणि पुरावा बिघडतो. म्हणून नळ्या बंद करून थंड ठेवाव्या लागतात. कार्बन-कालमापनासाठी शेवाळ टाळावे. ते पाण्यातला जुना कार्बन वापरते आणि वय वाढवून दाखवते. काठावरून पडलेले पान, बी किंवा काडी घ्यावी. ही पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे पोचत नाही, हेही लक्षात असावे.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, त्याचे कारण पाणी उतरून वाढलेला खारेपणा आणि त्यात फोफावलेले लवणप्रेमी सूक्ष्मजीव. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. पाणी चढते-उतरते तसा काठ सरकतो, आणि गाळाचा सर्वांत वरचा थर सर्वांत भुसभुशीत असतो. नमुन्याची नळी जोरात खुपसली तर गेल्या काही दशकांची नोंद ढवळून जाते. गावाचे सांडपाणी, कमी-जास्त झालेले गोडे झरे, बदललेली शेती यांचा माग याच थरात आहे, म्हणून तो वेगळ्या, सावकाश उतरवलेल्या छोट्या नळीने घेतला पाहिजे.