एक्स११ फॉरवर्डिंग
एक्स११ फॉरवर्डिंग म्हणजे दूरच्या युनिक्स यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रामची खिडकी एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय) जोडणीतून आपल्या पडद्यावर उघडण्याची सोय. नागपुरातल्या मे महिन्यात हिचं मोल कळतं. बाहेर पारा ४५ अंशांवर असताना धरमपेठेतल्या खोलीत कूलरसमोर बसून कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्स सर्व्हरवरचा आलेख पाहता येतो.

युनिक्सवर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली. अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, १९८७ ची. खिडक्या नेटवर्कवरून दाखवणं तिच्या आराखड्यातच होतं, पण सारी वाहतूक उघडी चाले. फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच आणलं आणि तिला बंदिस्त बोगदा मिळाला.

नवशिक्याचा घोळ होतो तो नावांत. एक्सच्या भाषेत सर्व्हर म्हणजे पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणारा, म्हणजे धरमपेठेतला लॅपटॉप. लॅबमधला प्रोग्राम हा क्लायंट. म्हणून विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा मॅकवर एक्सक्वार्ट्झ हा एक्स सर्व्हर आधी चालू हवा. लॅबच्या यंत्राला स्वतःचा पडदा नसला तरी चालतं.

तिथे लागतं ते एवढंच: एसएसएचडीच्या (एसएसएच जोडण्या स्वीकारणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलमध्ये 'एक्स११ फॉरवर्डिंग'पुढे 'यस' (ओपनएसएसएचमध्ये मुळात 'नो' असतं), आणि 'एक्सऑथ' हा ओळखीच्या खुणा सांभाळणारा छोटा प्रोग्राम. तो नसल्यामुळे वाया गेलेल्या संध्याकाळी मोजायच्या नाहीत. मग 'एसएसएच'ला मोठ्या लिपीतल्या एक्सचा पर्याय देऊन लॉगिन केलं की डिस्प्ले हा चल (खिडकी कुठे उघडायची ते सांगणारा) 'लोकलहोस्ट:१०.०' असा आपोआप बसतो. पोर्ट म्हणजे ६००० अधिक डिस्प्लेचा क्रमांक, म्हणून इथे ६०१०. डिस्प्ले हा चल बॅशच्या (आज्ञा घेणाऱ्या शेलच्या) सुरुवातीच्या फाइलमध्ये हाताने लिहून ठेवला, तर प्रोग्राम बोगदा सोडून भलतीकडेच जातो आणि 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' असं सांगून थांबतो.

ओळख पटते ती कुकीवरून, म्हणजे एका गुप्त खुणेवरून. एसएसएच दूरच्या यंत्राला बनावट कुकी देतं आणि परतीच्या वाटेवर ती खरीशी बदलतं. खरी कुकी लॅपटॉप सोडत नाही. बनावट कुकी लॉगिन केलेल्याच्या एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये असते, म्हणून पुढे 'एसयू' करून दुसरा वापरकर्ता झालात की खिडकी उघडत नाही.

तरीही दूरच्या यंत्राचा रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, भरवशाचा हवा. पूर्ण विश्वासाने, म्हणजे मोठ्या वायच्या पर्यायाने, जोडलेला प्रोग्राम तुमच्या कळा टिपू शकतो. मोठ्या एक्सचा पर्याय हे अधिकार आवळतो आणि वीस मिनिटांनंतर नव्या खिडक्या नाकारतो. डेबियन-उबुंटू या लिनक्स प्रकारांवर मात्र मूळ मांडणीत दोन्ही पर्याय सारखेच वागतात.

वेगाबद्दल फार आशा नको. एक्सचा संवाद सतत ये-जा करणारा. मोठ्या सी-च्या पर्यायाने दाबणी (कॉम्प्रेशन) केली तरी बाइट घटतात, फेऱ्या नाहीत. लॅबच्या लॅनवर आलेख झटकन उमटतो. मोबाइल हॉटस्पॉटवरून फायरफॉक्स उघडायला गेलात, तर तोवर चहा होतो.