कोणती चाचणी लावायची?

परीक्षेतल्या प्रश्नात प्रयोग दिलेला असतो आणि विचारलेलं असतं, 'योग्य सांख्यिकीय चाचणी निवडा, कारण द्या.' चाचण्यांची नावं आठवत बसू नका, प्रयोग पुन्हा वाचा. फरक शोधायचाय की सहसंबंध? प्राप्तांक त्याच प्रयुक्तांचे (प्रयोगात भाग घेणाऱ्यांचे) की वेगळ्या गटांचे? मोजमाप कोणत्या पातळीचं?

बहुतेकांची गाडी अडते ती पातळीवर. हो-नाही, प्रकार मोजले तर नॉमिनल. 'ताण किती, १ ते १०' हे ऑर्डिनल (फक्त क्रम सांगणारं) धरावं, कारण ३ ते ४ आणि ८ ते ९ ही अंतरं मनात सारखीच असतील याची खात्री नसते. मिलिसेकंदांतला प्रतिक्रियाकाळ इंटरव्हल (अंतरं सारखी असलेला) किंवा त्याहून वरचा.

वेगळे गट असतील तर याच क्रमाने काय-स्क्वेअर, मान-व्हिटनी, स्वतंत्र टी; तेच प्रयुक्त किंवा जुळवलेल्या जोड्या असतील तर साइन, विलकॉक्सन, जोडीची टी. सहसंबंधाला ऑर्डिनलसाठी स्पिअरमन, इंटरव्हलसाठी पिअरसन. नमुना लहान आणि वितरण एका बाजूला झुकलेलं असेल, तर इंटरव्हल आकडे असूनही टी सोडून क्रमांकांवरची चाचणी (मान-व्हिटनी किंवा विलकॉक्सन) घ्यावी.

साइन चाचणी सोपी, पण तिच्यातली एक चूक निष्कर्षच उलटवते. समजा १० प्रयुक्त: ७ जणांची झोप सुधारली (+), एकाची बिघडली (−), दोघांची होती तशीच. हे दोघे वगळायचे. म्हणजे N = ८, आणि कमी वेळा आलेलं चिन्ह १ वेळा, म्हणून S = १. दिशा आधीच सांगणाऱ्या गृहीतकासाठी ('झोप सुधारेल') असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची संभाव्यता ०.०३५, म्हणजे ०.०५ च्या खाली, म्हणून निकाल सार्थक. दिशा सांगितली नसेल तर ०.०७०, सार्थक नाही. त्या दोघांना न वगळता N = १० धरलं, तर हीच संभाव्यता ०.०२१ येते आणि नसलेला परिणाम सिद्ध झाल्यासारखा दिसतो.

कोष्टक वाचतानाही जपा. साइन, विलकॉक्सन आणि मान-व्हिटनीत आलेली किंमत कोष्टकातल्या किमतीइतकी किंवा कमी असावी लागते. बाकी सगळीकडे तितकी किंवा जास्त.

काय-स्क्वेअरमध्ये प्रत्येक माणूस एकाच चौकटीत यायला हवा, अपेक्षित वारंवारता (फरक नसता तर चौकटीत आली असती ती संख्या) शक्यतो ५ च्या खाली नको, आणि टक्के तर कधीच भरू नयेत. २०-२० जणांच्या दोन गटांत १२ आणि ८ जणांनी मदत केली, तर किंमत १.६ येते, कोष्टकातल्या ३.८४ च्या खाली, म्हणून सार्थक नाही. त्याच जागी ६० आणि ४० टक्के भरले की ती ८ होते, कारण गणित प्रत्येक गटात १०० माणसं होती असं धरून चालतं.