एका व्हीलॅनमध्ये माणसं किती? आधी यंत्रं मोजा

अंधेरीत 180 जणांचं ऑफिस थाटायचंय आणि 254 आयपी पत्त्यांचा (म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांच्या क्रमांकांचा) एक व्हीलॅन, नेटवर्कचा एक कप्पा, पुरेल, हा हिशोब पहिल्याच दिवशी चुकतो. व्हीलॅनवर माणसं बसत नाहीत, यंत्रं बसतात. लॅपटॉप, मोबाईल आणि टेबलावरचा आयपी फोन धरला की झाली 540. डॉकला, म्हणजे टेबलावरच्या तारेच्या जोडणीला, लावलेल्या लॅपटॉपचं वायफायही चालू राहिलं तर तो एकटाच दोन पत्ते अडवतो. प्रिंटर, कॅमेरे आणि हजेरीचं मशीन वेगळंच.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर (यंत्रं तारेने जोडणाऱ्या पेटीवर) सेटिंगने पाडलेले कप्पे. 802.1क्यू या मानकात कप्प्याच्या क्रमांकाला 12 बिट आहेत, म्हणजे वापरता येण्याजोगे 4094 क्रमांक. कप्प्यांची टंचाई नाही. प्रश्न आहे तो गोंगाटाचा. गिरगावातल्या चाळीच्या चौकात उभं राहून कुणी "साठे कुठल्या खोलीत?" म्हणून ओरडलं, तर उत्तर साठेच देतात, पण माना सगळ्यांच्या वर होतात. 'हा आयपी पत्ता कोणाचा?' असं विचारणारा एआरपी हा संदेश नेमकं तेच करतो.

तारेवर हा गोंगाट आता किरकोळ आहे. सेकंदाला असे शंभर ब्रॉडकास्ट (सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या हाका) झाले तरी गिगाबिट पोर्टवर ते जेमतेम 70 किलोबिट भरतात. पूर्वीच्या संगणकांना अशा प्रत्येक हाकेसाठी हातातलं काम थांबवणं जड जायचं, म्हणून एका व्हीलॅनवर किती यंत्रं ठेवावीत याचे जुने आकडे लहान होते. वायफायचं मात्र तसं नाही. तिथे ब्रॉडकास्ट सर्वात कमी ठेवलेल्या वेगाने जातो, म्हणजे मंदातला मंद फोनही तो ऐकू शकेल. 2.4 गिगाहर्ट्‌झवर हा वेग 1 मेगाबिट ठेवला असेल, तर एक एआरपी जवळपास 0.8 मिलिसेकंद हवा अडवतो. सेकंदाला असे शंभर झाले की चॅनेलचा 8 टक्के वेळ नुसत्या हाका मारण्यात जातो, आणि तेही त्या व्हीलॅनवरच्या प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटवर (वायफाय पुरवणाऱ्या पेटीवर). किमान वेग 12 मेगाबिट करा आणि अ‍ॅक्सेस पॉइंटलाच एआरपीचं उत्तर देऊ द्या. यंत्रं कमी करण्याआधी हे दोन उपाय करावेत.

पत्ते संपतात ते बहुधा पाहुण्यांच्या वायफायवर. विंडोज सर्व्हरच्या डीएचसीपीची (पत्ते वाटणाऱ्या सेवेची) लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, मुळात 8 दिवसांची असते. 254 च्या व्हीलॅनवर रोज 60 नवे पाहुणे आले तर सोमवार ते गुरुवार 240 पत्ते जातात आणि शुक्रवारी चौदाव्या-पंधराव्या माणसापासूनच पत्ता मिळत नाही. फोन वायफायला जोडलेला दिसतो, पण इंटरनेट नाही, लॅपटॉपवर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला की निदान पक्कं. इथे व्हीलॅन वाढवायची गरज नाही, लीज 4 तासांवर आणा.

खरोखर वाढवायचाच असेल तर 255.255.254.0 या मास्कने (कुठले पत्ते आपल्याच व्हीलॅनचे, हे ठरवणाऱ्या आकड्याने) 510 पत्ते मिळतात, पण जोडी सम आकड्यापासूनच सुरू होते: 192.168.10 आणि 11 एकत्र येतात, 11 आणि 12 येत नाहीत. म्हणून व्हीलॅन 10 वर असेल तर 11 पहिल्यापासून रिकामा सोडावा. हाताने पत्ता घातलेल्या प्रिंटरचा मास्क बदलायचा राहिला, तर तो 11 मधल्या लॅपटॉपला परका समजतो, मग छपाई कधी होते, कधी अडते.

माझ्या मते मर्यादा ठरवणारा खरा प्रश्न वेगळाच आहे: एका चुकीने किती जण बंद पडलेले चालतील? मीटिंग रूममधल्या छोट्या स्विचमध्ये कुणी केबलची दोन्ही टोकं खोचली, की ब्रॉडकास्ट घुमत राहतो. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाला, वयोमर्यादा नसते, ती आपोआप मरत नाही, आणि अख्खा व्हीलॅन आडवा होतो. स्विचवर बीपीडीयू गार्ड (असा फेरा दिसताच पोर्ट बंद करणारी सोय) आणि स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टला मर्यादा घालणारी) लावाच, पण दोन मजले एका व्हीलॅनवर ठेवू नका.

तर त्या 180 जणांसाठी: लॅपटॉप मजल्यागणिक 254 च्या व्हीलॅनवर, 150 ते 200 यंत्रांपर्यंत, टेबलावरचे फोन वेगळे, मोबाईल आणि पाहुणे यांना आपापला, मोबाईलला 510 चा, प्रिंटर आणि कॅमेरे निराळे. प्रिंटर वेगळा काढला की मोबाईलला तो दिसेनासा होतो, कारण त्याचा शोध एमडीएनएसने, म्हणजे 'इथे प्रिंटर आहे का?' अशा हाकेने, होतो आणि ती हाक व्हीलॅनबाहेर जात नाही. राउटरवर किंवा वायफाय कंट्रोलरवर एमडीएनएस गेटवे चालू करून फक्त छपाईची सेवा पलीकडे जाऊ द्या.